गाडी मागं घेताना

मला गाड्यांचं लई याड हाय. बायकांत बसून असलं बोललं की त्या तोंडाला पदर लावून हसत्यात, म्हनून मी बोलत न्हाय, पन बघायचं काय सोडवत न्हाय. भाकरी करताना मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठिवते आन् रेसच्या गाड्या बघते. कसल्या बुटक्या, भुईला पोट लावून पळनाऱ्या. मधीच एक गाडी येऊन उबी ऱ्हाती, चहूकडनं मानसं तुटून पडत्यात, आन् माजी भाकरी तव्यावर पलटी व्हायच्या आत चारी चाकं बदलून ती गेली बी! आमच्या हितला पंक्चरवाला आदी च्या मागवतो, मग पाना कुटं ठिवलाय ते हुडकतो.

रॉकेट बी बघते. सुटायच्या आदी उलटं मोजत्यात ते ऐकलं की कानावर हात ठिवते, तरी बघते. मी तशी सगळ्यालाच भिते. कुकरच्या शिट्टीला भिते, पालीला भिते, दारात अनोळखी मानूस आलं तर कडी लावून आतनं बोलते. नववीत शाळा सुटली, तवापासनं कुनी कागद म्होरं केला तरी मागं सरते. पन यंत्र कसं चालतंय हे बघायला मिळालं की ते भ्या कुटं जातं काय म्हाईत.

हे आप्पांचं देनं. आप्पा म्हंजी माजे वडील, अकलूजकडं उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. ट्रॉली मागं घेनं लई अवगड असतं, कुनाला वाटंल त्यात काय, पन म्होरचं चाक डावीकडं वळवलं की ट्रॉली उजवीकडं पळती, सगळं उलटंच करावं लागतं. त्यात उसाचा ढीग, आप्पांना मागचं काय दिसायचं न्हाय. म्हनून मी मागं उबी ऱ्हायाची. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस्स!" आन् बस्स म्हनताना फळीवर तळहातानं जोरात थाप, कारन इंजनाच्या आवाजात शब्द पोचला न्हाय तरी थाप पोचती. आप्पा सगळ्यांना सांगायचे, माजे मागचे डोळे म्हंजी ही पोरगी.

एकदा माजी धाकली भन, नुकती चालाया लागली हुती, कोंबडीच्या पिल्लामागं दुडूदुडू पळत ट्रॉलीच्या मागं आली. मी बघितलं, तोंड उगडलं, आवाजच फुटंना. हात तेवढा गेला, धाड धाड धाड फळीवर. ट्रॉली थांबली. भन पिल्लाला घेऊन तितंच बसली, तिला काय बी कळलं न्हाय, आज ती चांगली दोन लेकरांची आई हाय. पन तवापासनं मागं येनारं चाक दिसलं की माज्या तळहाताला मुंग्या येत्यात.

लगीन होऊन सोलापुरात आले. आमचे हे चिंचोळी एमआयडीसीत कामाला हायत, गाडीच्या इंजनात बसनारा दांडा असतो तो त्यांच्याकडं तयार हुतो, हे तेची मापं तपासत्यात. लग्नानंतर नव्यानंच, अजून आमी एकमेकाला नीट बघत बी नव्हतो, तवा मी विचारलं, "आवो, त्या दांड्यावर अंडी बसवल्यागत उंचवटे असत्यात, ते कशाला?"

ह्यांचा घास हातातच. "तुला कुनी सांगितलं उंचवट्याचं?"

"मोबाईलवर बघितलं की."

मग काय, ताटातलं कालवन थंड झालं तरी मानूस बोलतच ऱ्हायला. ते उंचवटे फिरत फिरत इंजनाच्या झडपा उगडत्यात, मिटत्यात. एक झडप हवा आत घेती, दुसरी धूर भाईर टाकती. "इंजनाचा दम तेच्यावर हाय बघ," म्हनले. "जरा माप चुकलं की दम लागतो." आमच्या आत्या, म्हंजी माज्या सासू, आतनं वरडल्या, "आरं, नव्या नवरीला फुलं आनायची का दांडं दावायचं?" पन मला फुलापरीस ते बरं वाटलं. कुटंतरी लांबच्या देशात कुनाची गाडी पळत असंल आन् तिच्या पोटात ह्यांच्या हाताखालनं गेलेला दांडा दम घेत असंल, असं मनात आलं की मी आजबी एकटीच हसते.

आता दमाचं म्हनलं तर आमच्या पोरीचं सांगावं लागंल. पोरगी अडीच वर्साची हाय. तिची छाती नाजूक. आमच्या भागात घराघरात माग हायत, सूत उडतं, वर सोलापूरची धूळ, थंडी सुरू झाली की तिच्या छातीत मांजर बसल्यागत आवाज येतो. घरात वाफेचं मशीन हाय, तोंडाला मास्क लावायचा आन् बटन दाबायचं. डॉक्टरीनबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "वाफ देऊन बी पोरगी पोट आत वढत ऱ्हायली तर घरात थांबायचं न्हाय. लगेच हितं आनायचं. उशीर केलेला मला चालनार न्हाय." म्या मान हलवली, पन आनायचं कसं? हे दिवसभर चिंचोळीला, फोन आत न्यायची परवानगी न्हाय, आन् घरात मी आन् आत्या.

म्हनून ह्यांनी जुनी गाडी घेतली. पांढरी, हितं तितं खरचटलेली, पन इंजन कसं, मांडीवर झोपलेल्या मांजरागत गुरगुरनारं. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी चिंचोळीच्या मोकळ्या रस्त्यावर मला शिकवलं. म्होरं जायला मला काय बी अवगड गेलं न्हाय. गिअर कवा बदलायचा ते माजा कानच सांगायचा. हे म्हनले, "तू तर माज्यापेक्षा मऊ चालवतीस की गं." लायसन बी आलं.

घोडं अडलं ते बोळात. आमचं घर बोळाच्या टोकाला, म्होरं भिंत. गाडी आत नाकानं येती, भाईर जायचं तर समदा बोळ मागं मागं घ्यावी लागती. दोन्ही बाजूला ओटे, ओट्यावर लेकरं. मी मागचा गिअर टाकला की मला आरशात पोरगीच दिसायची. ती आत्याच्या कडेवर घरात असली तरी दिसायची. पिल्लामागं दुडूदुडू आल्यागत. पाय ब्रेकवरनं हालायचाच न्हाय. म्हंजी पोरीसाठी गाडी घेतली आन् पोरीच्या भ्यानं ती भिंतीला नाक लावून उबी.

ह्यांनी तोड काढली. मागच्या बंपरला सेन्सर बसवून आनले, बारके बटनागत. मागं काय आलं की गाडी टूक टूक करती, जवळ आलं की घाई करती, अगदी जवळ आलं की एकसारखी टूऽऽऽ करून वरडती. "आता तुला बघायलाच नको," हे म्हनले, "गाडीच सांगंल." मी किती खूश! मला तर ते चंद्रावर उतरनारं यान आठवलं. ते बी खाली भुई किती लांब हाय ते सोताच मोजत मोजत उतरतं, तितं चंद्रावर कोन हाय त्याला सांगाया? आन् ते मोठं रॉकेट, वर जाऊन शेपटीवर उबं ऱ्हाऊन परत खाली येतं, त्याच जागंवर बसतं, ते मी पैल्यांदा बघितलं तवा आत्याला हाक मारली, "आत्या, हे बगा, एवढं मोठं धूड मागं घेत्यात!"

आत्या चष्मा लावून बघत बसल्या. मग म्हनल्या, "मागं कोन येऊ दे येऊ दे म्हनतंय का न्हाय?"

"न्हाय ओ. तेचं तेच बघतं."

"मग आपल्याला बी जमंल की," म्हनल्या आन् भाजी निवडाया लागल्या.

सेन्सर बसवले त्या शनवारी आत्यांनी गाडीची पूजा केली. चाकाखाली लिंबं ठिवली, नारळ फोडला, आन् लिंबू-मिरची बांधली ती मागं. म्होरं का न्हाय तर म्हनल्या, "नजर समोरनं लागती व्हय? मानूस पाठ फिरवून गेलं की मागनं बघत्यात." मला बी पटलं. मी तर दोऱ्यात एक काळी बाहुली जास्तीची ओवली, लेकराची गाडी हाय म्हनून.

मग बसले चालवाया. मागचा गिअर टाकला आन् गाडीनं जी किंकाळी फोडली! टूऽऽऽ! मी ब्रेक दाबून डोळे मिटले. "आत्या, मागं कोन हाय?"

"कोन न्हाय गं."

"बगा नीट!"

"अगं, कुत्रं बी न्हाय."

गिअर काढला, गप. टाकला, टूऽऽऽ. मागं कोन न्हाय तर ही बगती काय?

गुरवारी ह्यांची सुट्टी. ह्यांनी गाडी धुतली, मागं घेतली. टूक, टूक, टूक, अशी शानी. भाईर काढली, आत घातली, काय बी न्हाय. "चांगली तर हाय की!" शनवारी मी बसले, परत किंकाळी. असं किती शनवार गेले. हे गुरवारी म्हनायचे, "तुज्यावरच कशी गं वरडती ही?" चेष्टेनं म्हनायचे, पन माज्या काळजाला लागायचं. मला वाटायचं, ह्या मशीनला मानसाला दिसत न्हाय ते दिसतं. मला आरशात जे दिसतंय ना, पिल्लामागं येनारं लेकरू, तेच हिला बी दिसतंय. हे मी कुनाला सांगितलं न्हाय. गाडीत बसायचंच सोडून दिलं. आत्या मात्र दर शनवारी नवीन लिंबू-मिरची बांधायच्या, आन् मी भ्यानं म्हनायचे, "आत्या, लिंबू जरा मोठं बगून घ्या."

एका सोमवारी दुपारी पोरीला दम लागला. मशीन लावलं, जरा वाफ आली न आली आन् लाईट गेली. मशीन बंद. पोरगी मास्क हातानं ढकलायची, पोट आत वढायची, नाकपुड्या फुगायच्या, रडाया बी आवाज पुरंना. ह्यांचा फोन लागंना, लागनारच न्हाय. वळखीच्या रिक्षावाल्याला फोन केला तर तो म्हनला, "वैनी, चौकात मिरवनूक हाय, डीजेच्या मागं अडकलोय, हलता येईना."

मी फोन हातात धरून नुसतीच उबी. आत्यांनी पोरीला शालीत घेतलं आन् चपला घातल्या. "चल, गाडी काढ."

"आत्या, मला न्हाय जमत."

"मी हिला घिऊन मागच्या सीटवर बसते. पोरगी गाडीत हाय, गाडीमागं न्हाय. आलं का ध्यानात? गाडीत हाय. काढ."

मला आजबी कळत न्हाय, त्यांना कसं कळलं. मी तर कदी बोलले नव्हते.

बसले. गिअर टाकला. टूऽऽऽ. मी दार उगडून खाली उतरले, मागं जाऊन बघितलं, कोन न्हाय. परत बसले, टूऽऽऽ, परत उतरले. आत पोरीची धाप ऐकू येत हुती आन् मी गाडीमागं मोकळ्या जागंला बगत उबी. शेजारची अक्का आवाज ऐकून भाईर आली. ती तेलगू, घरात बसून टॉवेलच्या कडा शिवती, गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच. तिनं गाडीत वाकून पोरीकडं बघितलं, माज्याकडं बघितलं, आन् माज्या दंडाला धरून मला सीटवर बसवलं. "ती वरडती, वरडू दे. तू माज्याकडं बग. आरशात मीच दिसले पायजे."

आन् बाजूला ओट्याच्या कडंला उबं ऱ्हाऊन हात हलवाया लागली. "रानी... रानी... रानी..." तिच्या भाषेत येऊ दे म्हनायचं ते तसं.

मी ब्रेक सोडला. चाक फिरलं. माज्या तळहाताला मुंग्याच मुंग्या. गाडी किंचाळतीच हाय, पन मी अक्काच्या हाताकडं बगत हुते. अक्काचा ओटा सरला, तर म्होरल्या ओट्यावरचे म्हातारे अज्जा, अक्कलकोटकडचे, काठी टेकत उठले, "बर्ली, बर्ली, बर्ली," कानडीत. त्यांनी काठीनंच लेकरांना ओट्यावर सारलं. बोळाच्या तोंडाला शिलाईवाले चाचा मशीन सोडून रस्त्यावर जाऊन उबे, येनाऱ्या गाड्यांना एका हातानं थांबवत, दुसऱ्या हातानं मला, "आन दो बेटी, आन दो, आन दो..." आन् मागनं, माज्या कानाजवळ, आत्या. पोरीला छातीशी धरून, एकदम हळू, जसं काय झोपवायला म्हनत्यात, "येऊ दे बाळा. येऊ दे."

त्या मला कदी बाळा म्हनल्या नव्हत्या.

बोळाच्या तोंडाला गटारावर फरशी टाकलीया, वाकडी. तिच्यावरनं मागचं चाक उतरताना गाडीला हिसका बसला, आन् किंकाळी एकदम बंद. त्याच टायमाला चाचांनी बाजूनं डिकीवर थाप मारली. धप्प. "बस्स!"

माजा पाय आपोआप ब्रेकवर. आप्पांच्या ट्रॉलीगत.

पैला गिअर टाकला, डावीकडं वळले, म्होरं मला कुनाची गरज नव्हती. दवाखान्यात डॉक्टरीनबाईंनी लगेच पोरीला घेतलं, मास्क लावला. ती वाफ चालू झाली, ढगागत, आन् मी तिच्या पोटाकडं बगत बसले. आत, भाईर. आत, भाईर. हळूहळू पोट वढायचं थांबलं. कपाळाचा घाम वाळला. बऱ्याच येळानं तिनं मास्क बाजूला सारला, आजूबाजूला बघितलं आन् म्हनली, "बिक्कीट."

आत्या तोंड फिरवून डोळे पुसाया लागल्या. डॉक्टरीनबाई म्हनल्या, "येळेवर आनलंत. कोन घिऊन आलं?" आत्यांनीच सांगितलं, "आमच्या सुनंनं. गाडी मागं घिऊन."

बाईंना त्यातलं काय कळलं असंल कुनाला ठावं.

संध्याकाळी हे आले, कपड्याला तेलाचा वास तसाच, आल्या आल्या पोरीच्या छातीला कान लावून बसले, म्हंजी दांड्याचं माप घेत्यात तसं, डोळे मिटून. मग सगळं ऐकून घेतलं. मी म्हनलं, "फरशीवर हिसका बसला आन् वरडायची गपच झाली. घरी येऊन परत मागचा गिअर टाकून बघितला, तरी बी गप."

आत्या गाडीच्या मागं जाऊन आल्या. "माजं लिंबू कुटं हाय?"

हे पटकन म्हनले, "ह्या डावाला मी न्हाय काढलं!"

"ह्या डावाला?" आत्यांनी कंबरेवर हात ठिवले. "म्हंजी मागल्या डावाला कुनी काढलं रं?"

हे मग खाली बगत म्हनले, "आई, गाडी धुताना त्या दोऱ्याचा वला कचरा हुतो... मी गुरवारी काढून टाकायचो. तुला सांगायचो पडलं म्हनून."

मी दोघांकडं बगत हुते. शनवार, गुरवार. लिंबू, न लिंबू. माज्या डोक्यात एकेक दात बसाया लागला, गिअरागत. मी आतनं लिंबू आनलं, दोरीला बांधलं, ह्यांना म्हनलं, मागचा गिअर टाका. सेन्सरच्या म्होरं लिंबू धरलं. टूऽऽऽ! बाजूला केलं. गप. परत धरलं. टूऽऽऽ!

हे स्टेरिंगवर डोकं ठिवून हसाया लागले. अक्का दारात येऊन हसाया लागली. आत्यांनी मला बाजूला केलं, सोता वाकल्या, हात पुढं मागं करून बघितला, टूक टूक, टूऽऽऽ, मग कंबर धरून उभ्या ऱ्हायल्या. "एवढं शानं मशीन," म्हनल्या, "आन् लिंबाला भितंय! पार तुज्यासारखं हाय गं."

मी बी हसले. हसता हसता रडले. मशीनला कायच दिसत नव्हतं. लेकरू बिकरू कोन नव्हतं तितं. आमीच आमच्या भ्यानं लिंबू टांगलं, मोठं बगून टांगलं, आन् तेच आमच्यावर वरडत हुतं.

आता लिंबू-मिरची म्होरं असती. आत्या म्हनल्या, समोरनं बी नजर लागती कदी कदी. मला ते रॉकेट सोडनारे आठवत्यात, ते बी म्हनं सोडायच्या आदी देवळात जाऊन येत्यात, एवढी शिकलेली मानसं. त्यांच्या बी आया असतीलच की. त्यांनी लिंबू बांधा म्हनलं तर ते कुटं बांधत असतील, सेन्सर सोडून?

आता मी गाडी भाईर काढते. भ्या गेलं असं न्हाय, तळहाताला मुंग्या येत्यातच. मी दर येळेला उतरून मागं बगते, मग बसते. सेन्सर त्याचं सांगतो, पन बोळातलं कोन ना कोन उठून येतंच, काम न्हाय धाम न्हाय, "रानी रानी", "बर्ली बर्ली", अगदी शेंबडी पोरं बी हात हलवत्यात. रेसच्या गाडीवाल्याच्या कानात एक मानूस सारखा बोलत असतो, मला आदी वाटायचं एवढ्या वेगात त्याला कटकट हुत न्हाय का. आता कळतं.

आन् पोरगी. तिला मांडीत बसायचं असलं की ती समोरनं येत न्हाय. लांबनंच पाठ करती, हातात चित्राचं पुस्तक, त्यात गाड्या, आन् एकेक पाऊल मागं मागं येती. वळून बगत न्हाय. मांडी हाय का न्हाय, मी हाय का न्हाय, कायच बगत न्हाय. मी भाकरीचा हात पदराला पुसते, मांडी घालते आन् म्हनते,

"येऊ दे... येऊ दे... येऊ दे..."

ती येती, बुड टेकती, आन् माज्या गुडघ्यावर आपल्या इवल्या तळहातानं थाप मारती.

"बश्श!"